ळ बाळाचा

बाकीच्यांना चौदा दिवस, मला सोळा.
दुसरीचा वर्ग. बाकं भिंतीला सरकवलेली, मधे सतरंजी,
मनगटावर जांभळा शिक्का, मतदानाच्या शाईचा,
आणि त्यात एक तारीख. तिच्यानंतर मी माणूस.

गौरीफंट्याहून चार दिवस एकाच बसमध्ये आम्ही एकतीस जण.
रत्नागिरी पाहिलीच नव्हती अजून.
रात्री दोनला उतरलो तेव्हा फक्त वास आला
सुकटीचा, डिझेलचा,
आणि फिनेलचा. तो आमच्यासाठी होता.

लिपी माझीच निघाली, हीच मोठी फसवणूक.
वाचता सगळं यायचं.
फाटकावर पाटी होती: मास्क न लावल्यास शिक्षा होईल.
आमच्याकडे शिक्षा म्हणजे शिकणं.
मला वाटलं, काय भलं गाव आहे.

तिसऱ्या दिवशी आशाताई खिडकीशी आल्या, कागद घेऊन.
ताप? नाही. खोकला? नाही. घाम येतो?
आमच्याकडे घाम म्हणजे ऊन.
मी बाहेर पाहिलं, कौलांवर लख्ख पडलेलं.
म्हटलं, हो ना, सकाळपासून.
त्या तीन पावलं मागे सरल्या आणि काहीतरी लिहिलं.
ते दोन दिवस त्या घामाचे.

तक्त्यावर एकच अक्षर ओळखीचं नव्हतं.
ळ. शेजारी झोपलेलं बाळ.
भाटकरबाई पेजेचा डबा ओट्यावर ठेवायच्या,
मी दाराआडून विचारलं, हे काय?
त्यांनी सांगून पाहिलं. मग इकडेतिकडे बघून
मास्क हनुवटीखाली ओढला:
जीभ अशी मागे वळव. टाळूला लाव. आता सोड.
तोवर या देशातला एकही चेहरा मी अख्खा पाहिला नव्हता.
पुढचे दोन दात जरासे बाहेर,
ओठावर तीळ.
लगेच झाकलं त्यांनी सगळं.
पेज गार होतेय, खा, म्हणाल्या.

मग बाहेर. मिरकरवाडा. अश्फाक होडेकरांची बोट.
टपरीवर माझ्या कपाच्या कानाला लाल दोरा, दिवाळीपर्यंत.
जेटीवर सगळ्यांनी मला बहादूर म्हणायचं ठरवलेलं होतं.
बिसराम, मी म्हटलं. बिसराम कठरिया.
हसले. कामाला आलास की विश्रामाला?
आणि नेपाळचा म्हणून मला बर्फावर ठेवलं,
तुला काय रे, सवय असेल!
आमचं कैलाली हातावरच्या भाकरीसारखं सपाट.
चढ काय असतो ते मला इथल्या घाट्यांनी शिकवलं,
आणि एवढा बर्फ मी पहिल्यांदा पाहिला
तो बांगड्यांच्या अंगावर.
फावड्यानं ओढत राहिलो. बोटं नाहीशी झाली, मग हात.
शिक्का त्यातच कधीतरी गेला.
तारीख होऊन गेली होती, मी पाहिलंच नाही.

समुद्राबद्दल लोक विचारतात.
पहिले चार दिवस मी त्यात ओकत होतो.
पाचव्या दिवशी भूक लागली.
एवढंच.

आता राजिवड्यात खोली आहे, तिघांत एक.
दीपस्तंभाचा उजेड भिंतीवरून जातो,
कॅलेंडरवरून, माझ्या शर्टावरून, पुन्हा पहिल्यापासून.
टपरीवाला उधारी लिहितो, वहीत माझं नाव बिश्राम आहे.
चालतं.
भाटकरबाई बाजारात दिसतात कधी.
आता उघड्या चेहऱ्यानं हिंडतात सगळे,
तरी मला वाटतं मी तो चोरून पाहतोय.

फूलमती फोनवर म्हणाली, बाबा, तिथलं काही बोला.
आठ वर्षांची आहे. जाळं म्हणालो, खळं, नारळ.
आणखी, म्हणाली.
म्हटलं, जवळ.
जवल, ती म्हणाली.
नाही, जीभ मागे वळव. टाळूला लाव.
जवर.
पलीकडून तिची आई हसली, कोंबडं आरवलं,
आवाज तुटत गेला.
मी जेटीवर बादली उपडी घालून बसलो होतो,
भरती पायरी पायरी वर येत होती,
अजून एकदा, मी म्हणत होतो, अजून एकदा म्हण,
फोन बंद झालाय हे कळूनसुद्धा.