मुका बाजार

दारव्ह्याच्या स्टँडसमोर, झेरॉक्सच्या मशीनमागे
माझी एक खुर्ची, एक लॅपटॉप
आणि मी बनवलेली पहिली साइट,
बोंद्रे डॉक्टरांकडे नंबर लावायची.
सरकणारे फोटो.
बोट टेकवलं की उमलणारी तारखांची पाटी.
हिरवं म्हणजे जागा आहे, लाल म्हणजे संपली.
पेपरात चार ओळी आल्या होत्या, त्या मी लॅमिनेट केल्या.

शालिक गेडाम आला तेव्हा दुपार होती,
कूलरमध्ये पाणी नव्हतं.
मायच्या गुडघ्यासाठी नंबर पाहिजे म्हणाला.
फोन काढला, काच पार तडकलेली.
"मले काय करायची काच?"
आणि आवाज मोठा केला.

फोन माझीच साइट वाचू लागला:
बटन.
बटन.
चित्र, शून्य शून्य चार सात.
बटन.
लिंक.
बटन.
"याच्यातला मंगळवार कोनता हाय भाऊ?"
मी म्हणालो, ते हिरवं.
म्हणालो, आणि जीभ चावली.

पाटी उघडली एकदाची.
आत शिरला, पण निघता येईना.
एकतीस घरं, तीच ती,
बोट खळ्यातल्या बैलासारखं गोल गोल.
बाहेर यायला दार होतं, मीच ठेवलेलं,
कोपऱ्यात एक बारीकशी फुली,
पण तिला नाव द्यायचं राहिलं होतं.
तेवढ्यात वेळ संपली.
साइटनं त्याला उचलून रस्त्यावर ठेवलं.
"घरी सहा डाव असंच झालं,"
बस चुकलेला माणूस सांगतो तसं त्यानं सांगितलं.

मग बराच वेळ बोलला नाही.
मी पंखा त्याच्याकडं वळवला, उगाच.

"शुक्रवारच्या बाजारात मी एकटाच फिरतो.
भेदरंवाली वरडते भेदरं, संभारवाला वरडते संभार,
मिरचीची वळ तं नाकालेच समजते.
कोपऱ्यावर टेलरची मशीन, तिथून डाव्या हाताले चपला.
कोनाले इचारा लागत नाई.
तुया बाजारात सगळे मुके बसले, बाप्पा.
दुकानं मांडली, पन कोनी आपलं नाव सांगत नाई."

त्या रात्री स्क्रीनवर दुपट्टा टाकला
आणि स्वतःचं काम पहिल्यांदा ऐकलं.
अकरा मिनिटांत दुपट्टा काढला.
परत टाकला.

मग एकेका बटनाला नाव देत गेलो.
फुलीला म्हटलं, तू 'बंद करा'.
हिरव्याच्या आत लिहिलं 'जागा आहे',
लाल पुसलं नाही, त्यालाही शब्द दिला.
वेळ संपवण्याआधी विचारायला शिकवलं:
अजून थांबू का?
सरकणारे फोटो काढले. मला आवडायचे ते.
वच्छलाबाई ढोकेंचा उजवा हात लकव्यानं गेलेला,
त्यांना बोट टेकवता येतं, ओढता येत नाही;
दुखणं किती हे सांगायची ती ओढायची पट्टी
त्यांनी तीन महिने शून्यावरच ठेवली होती,
आणि डॉक्टरांना वाटायचं, बाईला बरं आहे.
तिथं आता साधे दहा आकडे आहेत.

शुक्रवारी शालिक आला, पिशवीत संभार.
फोन म्हणाला:
मंगळवार, अकरा तारीख, जागा आहे, बटन.
तो हसला. "आता वरडते!
भाव तेवढा नाई सांगत."
मायचं नाव भरलं, गाव भरलं,
शेवटचं बटन दोनदा टेकवलं.

आणि थांबला.
फोन कानाशी, मान जराशी कलती.

वर, स्क्रीनच्या टोकाला, टपोऱ्या अक्षरात आलं होतं
आपला नंबर लागला आहे.
मला दिसत होतं.
फोन गप्प होता.

"लागला का नाई भाऊ?"

लागला, मी म्हणालो,
आणि लॅपटॉप पुन्हा उघडला.