खुर्च्या

टिमकीच्या समाजभवनात पहिल्या दिवशी
नऊ खुर्च्या मांडल्या होत्या, निळ्या, प्लास्टिकच्या.
आमी नऊजणी भिंतीले टेकून उभ्या.
वंजारी सिस्टर म्हणाल्या, बसा ना.
कोणी बसेना.

त्यायले वाटलं, लाजतात.
लाज नव्हती व माय, हिशेब होता.
सात वर्षं मी जिथं बसली ते धुतलं,
नाई तर बसलीच नाई.
लग्नात चपलायपाशी.
बसमध्ये रिकाम्या सीटच्या बाजूले उभी, बर्डी ते पारडी,
कंडक्टर म्हणे, बाई, सीट काय शोभेले आहे?
मग मेडिकलात ऑपरेशन झालं, कोरडी झाली,
पण आंगाले कोण सांगन?

शेवटी देवलापारची फुलारा उईके
फरशीवर फतकल मारून बसली,
मग आमी, मग सिस्टर बी, कडक इस्त्रीच्या साडीत.
नऊ खुर्च्या वरून पाहत राह्यल्या
आमचं शिक्षण.

त्या दिवशी एक शब्द भेटला: फिस्टुला.
सासू ज्याले करणी म्हणे,
नवरा काईच म्हणत नसे,
फक्त माही बाज अंगणात काढून ठेवे,
त्याले नाव होतं,
दूरच्या नात्यातल्या एखाद्या बाईसारखं.
घरी कणीक मळता मळता तीनदा म्हणून पाह्यलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं दुधाची थैली घेतली,
पाणी भरलं, बुडाशी आंगठा दाबून धरला.
म्हणाल्या, डोकं असं अडकतं. दोन दिवस, तीन दिवस.
दाबलेल्या जागी रक्त पोचत नाही, ती जागा मरते.
यात बाळ काय करणार?
कोणी वेळेवर आणलं नाही, बस.
थैली फुटली. पाणी फरशीवर गेलं,
अन् आठजणी एकदम फडकं शोधाले उठल्या.

मी उठली नाई.
माह्या पोराच्या कानामागं भोवरा होता.
एवढंच पाह्यलं होतं, गुंडाळून नेण्याआधी.
अन् सात वर्षं, कोणाले बोलली नाई,
मी त्या डोक्यावर रागावून होती.

मग सराव. एकीनं सून व्हायचं, एकीनं सासू.
फुलारा सासू झाली का आमची बोबडी वळे.
कमरेवर हात: "आमी काय दवाखान्यात झालो काय?"
सिस्टर हसून हसून खोकल्या.
मले मात्र उत्तर सुचेना,
कारण ते वाक्य मी असली ऐकलं होतं,
बाजेवर, तिसऱ्या दिवशी.

पाचपावलीत पहिलं घर. दारातच म्हातारी.
तुले किती लेकरं?
शिकवलं होतं, आधी आरोग्याचं बोला.
मी म्हटलं, एक. तीन दिवस आडलं होतं.
आतमधली पोरगी, आठवा महिना,
संत्रं सोलता सोलता थांबली.
म्हातारीनं माह्याकडं पाह्यलं, खालीवर,
मग पलंगाकडं बोट केलं. बस.
नवी चादर होती, मोराची.
मी बसली.
सकाळच्या कळा संध्याकाळपर्यंत राह्यल्या
तर कोणाचीच वाट नाई पाहाची, असं सांगितलं,
नवऱ्याची नाई, सासऱ्याची नाई, मुहूर्ताची तर नाईच.
पोरीनं माहा नंबर कॅलेंडरवर लिहिला,
गॅसवाल्याच्या नंबराखाली.
उठल्यावर मी मागं वळून चादर पाह्यली.
अजून पाहतो. जात नाई ते.

परवा रात्री अडीचले फोन वाजला.
मावशी, दुपारपासून दुखून राह्यलं,
आई म्हणते सकाळी पाहू.
म्हटलं, तिले फोन दे.
म्हटलं, बाई, मी पलंगावर बसली होती ना तुमच्या, ती.
एकशे आठ लावा. मी डागाच्या गेटवर येतो.

चपला अंधारात सापडेनात.
एक सापडली.