शून्य गोलच असतंय

पुढच्या मॅचला येणार न्हाई म्हणून
ह्या सीझनला मी चारदा सांगून झालंय.
चौथ्यांदा सांगितलो तेव्हा
सुपारीवाला रुद्राप्पा हसलाबी न्हाई,
नुसतं पोत्याचा तुकडा झाडून
माझी जागा मोकळी करून दिला.
तिसरी पायरी, जिमखान्याच्या बाजूची,
साडेचारला ऊन सरकतंय तिथली.

मी ह्या कॉलेजात शिकलो न्हाई.
दहावीला दोनदा गणित गेलं, मग उद्यमबागेत फौंड्री.
खरं भिंतीवर चढून पहिली मॅच बघितलो त्या दिवशी
आमची पोरं गोव्याच्या टीमला तीन मारली हुती
आणि मी खाली पडून कोपर फोडून घेतल्तो.
कोपर अजून थंडीत दुखतंय.
गोल मात्र तेवढेच. परत मोजायचं काम पडलं न्हाई.

आता बघा.
कुडची सर गळ्यात शिट्टी घालून खुर्चीत,
केमिस्ट्रीचे पेपर तपासायल्यात.
फुटबॉलचं काय कळतंय त्यांना?
खरं त्यांना तरी कोण विचारला,
रजिस्टरात नाव पडलं, एवढंच.
मुश्ताक डावीकडनं पळतोय, पळतोय,
लाईन संपली तरी पळतोय,
बॉल मागं राहिलाय, कोणतरी सांगा त्याला.
जोतिबा पास द्यायच्या आधी आभाळाकडं बघतंय,
जसं काय तिकडनं कोणतरी मोकळा हाय म्हणून हात करायलाय.
आणि मधल्या सर्कलमधी
गॅदरिंगच्या मांडवाचे खड्डे,
डिसेंबरात खणलेले. आता ऑक्टोबर.
कालच्या पावसाचं पाणी त्यात लालभडक.

गेल्या साली स्कोअरबोर्डवरनं वाद झाला.
कुठली लिपी वर, कुठली खाली,
दोन दिवस गेटात पोलीस व्हॅन,
पेंटर पळून खानापूरला, मेव्हण्याकडं.
शेवटी दोन्ही लिहिले, एका उंचीत, फूटपट्टी लावून.
आमच्या नावापुढं तिकडनंबी शून्य, इकडनंबी शून्य.
यप्पा, शून्य दोन्हीकडं गोलच असतंय की,
त्याच्यावरनं कोण भांडला न्हाई.

माझा सगळा राग इनासवर.
गोलकीपर. सहा फूट, आणि कायबी अडत न्हाई.
तीन वर्षं झाली त्याला मराठीत शिव्या देतोय,
मराठी संपली की कन्नड,
कन्नड दमलं की त्याच्या घरची कोंकणी,
मुद्दाम शिकून घेऊन, अर्धी चुकीची.

आज तिसरा गेला तेव्हा
बॉल आणायला दांड्यामागं आला,
माझ्या पायरीपाशी वाकला.
हातमोजे बघितलो.
राखाडी, तळव्याला चामड्याचं ठिगळ,
मनगटाला निळा दोरा.
आमच्या फौंड्रीतले. भट्टीपाशी घालतोय ते.
निळा दोरा आमच्या घरातला, टाके माझ्या हातचे.
फाटलं म्हणून मी टाकून दिल्तो,
अंगण झाडणारा कायतान उचलून नेला असणार.
हे कायतानचं पोरगं म्हणून
मला कोण सांगितलं न्हाई.
मीबी कधी विचारलो न्हाई.

त्या मोज्यानं तापलेलं लोखंड धरता येतंय.
ओला बॉल न्हाई.

चौथा गेला. मी गप्प.
पाचवा. रुद्राप्पा माझ्याकडं बघून घेतला,
न मागता सुपारी पुढं केला.

मॅच संपल्यावर चहाच्या गाड्यावर
इनास येऊन शेजारी उभा, गुडघ्यापर्यंत चिखल.
“अण्णा, आज आवाज न्हाई आला तुमचा.
बरं न्हाई काय?
मागनं तुम्ही वरडला की मला कळतंय,
बॉल कुठल्या बाजूनं गेला ते.”

दोन चहा सांगितलो.
“डावीकडनं,” म्हटलो. “पाचीबी डावीकडनंच.”
“व्हय?”
कप कठड्यावर ठेवला,
आणि तिसऱ्या गेटाला तुंबलेल्या टेम्पोंच्या हॉर्नमधी
उघड्या हातानं
डावीकडं एक पाऊल टाकून बघितला.