चार सूत

तेराचा पाना चार सुताच्या नटावर बसतो.
म्हणजे, बसल्यासारखा वाटतो.
केसभर मोकळा राहतो, आणि तेवढ्या केसात
पान्याला घसरायला जागा असते,
नटाला आपले सहा कोपरे विसरायला.
हे मला कळलं कुडचड्यात, आमच्या अंगणात,
डाव्या अंगठ्याचं साल गेल्यावर.

बापूंनी सत्तावीस वर्षं हिच्यातून माणसं वाहिली,
मडगाव स्टेशन ते सांगे, लग्नाची, मयताची,
एकदा तर मागच्या सीटवर नुसत्या समया,
पट्टा लावून बसवलेल्या.
डिझेल अ‍ॅम्बॅसॅडर. छताचा पिवळा रंग उडून
खाणीच्या धुळीचा झालेला.
आता त्यांचे गुडघे गेले, चावी माझ्याकडे आली,
आणि बिस्किटांचा एक डबा:
पकड, हातोडी, ब्लेडचा तुकडा,
आणि तो सरकत्या जबड्याचा पाना,
जो सगळ्या नटांना होतो
आणि एकाचाही नसतो.

मी मडगावहून निळी पेटी आणली.
शेहेचाळीस नग, आरशासारखे.
दुकानदार म्हणाला, सगळ्या गाड्यांना चालतं.
गाडीला कोणी विचारलं नव्हतं.

सावर्ड्याला मेस्त बोस्त्यांव गॅरेज आवरत होते.
तरुणपणी बार्जींची इंजिनं उघडलेला माणूस,
एका कानाने कमी ऐकणारा, तो कान इंजिनाकडे असायचा.
पेटी पाहून काही बोलले नाहीत.
बाकावरच्या व्हाइसमध्ये एक बोल्ट धरला,
मला डोळे मिटायला लावले,
एकेक पाना हातात दिला.
"घाल. हालय. हालता?"
हालत होता.
"मगीर तो न्हय."
सातव्याला हालला नाही. मी डोळे उघडले.
त्यांचे मिटलेले होते.

त्यांनी सुताचे रिंग पाने दिले, तीनच,
बाकीचे तुला लागायचे नाहीत म्हणाले.
फीलर गेज दिला, पानं चिकटलेली,
भिजल्या पासबुकासारखी. रॉकेलात ठेव, ओढू नको.
टॉर्क रेंच मात्र नवा घे.
"ग्लो प्लगाक म्हजे हात पुरो.
तुका तागडी जाय."
मला राग आला. घरी येईपर्यंत टिकला नाही.

भिंतीवर एका खिळ्याला एकटा होता
पाच सुताचा रिंग पाना, कडी एका बाजूने कापलेली,
डिझेलची नळी आत शिरेल एवढीच फट.
मी हात पुढे केला.
"हें विकपाचें न्हय."
मग बराच वेळ चिंधीला हात पुसत राहिले.
"सोमारा हाडून दी."

रविवारी बापू स्टिअरिंगवर बसले, उशी घेऊन.
मी चारही नळ्यांचे नट सैल केले.
आधी फेस आला, मग फेस आणि डिझेल,
मग बोटावर नुसतं थंड डिझेल, अखंड.
"बस," मी ओरडले, तरी ते थांबेनात,
त्यांना सेल्फचा आवाज ऐकायचा होता.
पानाने नट सगळीकडून धरला, कोपरे तसेच राहिले.
गाडी सुरू झाली तेव्हा शेजारच्या क्लेमेन्सिनाने
दोरीवरच्या चादरी ओढून घेतल्या, शिव्या देत.
तिसऱ्या नळीखाली अजून एक थेंब जमतो.
खाली मी नारळाची करवंटी ठेवली आहे.

सोमवारी शटरला कुलूप.
चहावाला म्हणाला, लेकीकडे वास्कोला गेलेत,
बेस्तवारी येतील. येतील बहुतेक.

तोवर पाना वहीच्या कागदावर ठेवून
पेन्सिल फिरवली आहे त्याच्याभोवती, फटीसकट.
म्हापशाच्या बाजारात, गंजलेल्या बिजागऱ्यांच्या ढिगात
पाच सुताचा एक जुना रिंग मिळाला, चाळीस रुपयांना.
तो व्हाइसमध्ये धरला आहे.
हॅक्सॉही तयार आहे.
फक्त ब्लेड चोवीस दात्यांचं लावायचं की बत्तीस,
तेवढं त्यांना विचारायचं राहिलं.