एका बाराचं माप

गुजरीत दुकान उघडलं की आधी मी काटा पुसते.
काचेच्या पेटीतला, कुणी शिंकलं तरी आकडा बदलणारा.
शेठ एरवी यल्लू म्हणतात, गिऱ्हाइकासमोर यमुनाबाई,
आणि सांगतात, वजनात हिचा हात कुणी धरायचा नाही.
कुणाला सांगू,
हा हात दारू मोजून तयार झालाय.

ठासणीची दारू.
चंदगडाच्या पलीकडं, जिथं घाट उतरायला लागतो तिथं आमचं घर.
माप म्हणजे काडतुसाचं कापलेलं पितळी बूड.
सशाला अर्धं. डुकराला काठोकाठ, वर बोट फिरवून.
मी ओतायची, बाप नळीला कान लावायचा.
अस्वलाचं माप त्यालाही ठाऊक नव्हतं.

करवंदं पिकली त्या हप्त्यात
कुशाप्पाच्या बायकोचा गाल गेला.
डोळा राहिला, गाल गेला.
परवाना गावात एकट्या बापाचा,
म्हणून सगळा गाव आमच्या अंगणात येऊन
बंदुकीकडं बघत बसला.

कोण म्हणे छर्रा भर, मूठभर, एखादा तरी लागंल.
कोण म्हणे सायकलच्या चाकातल्या गोळ्या.
जक्कापाकाका म्हणाला, दारू दुप्पट घाल,
आणि ज्या हातानं दाखवलं
त्या हाताला दोनच बोटं होती.
कुणी हसलं नाही.

बाप चुलीपुढं उकिडवा.
ट्रकच्या मेलेल्या बॅटरीतलं शिसं पळीत वितळत होतं.
"अस्वल दिसतं त्यातलं निम्मं केसच आसतंय, यल्ले.
छर्रा त्या केसातच ऱ्हाईल.
मग त्ये जाईल कुठं? जाळीत जाईल, कण्हत.
आन उद्या दुसऱ्या कुणाचा गाल."
साच्यातनं गोळी पाण्यात पडली, चर्रर्र.
"एकच भरायची.
चुकली तर सगळी चुकावी, लागली तर सगळी लागावी."

दीड माप. माझा हात हलला,
चार दाणे शेणावर सांडले, बापानं पुन्हा मोजायला लावलं.
मग काथ्या. मग धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली गोळी.
गज तीनदा ठासला, चौथ्यांदा नुसता सोडला,
तो उसळून हातभर वर आला.
"बसला," बाप म्हणाला.

ठासणीचं हेच असतं.
वाटेत काय भेटणार ते घरी बसून ठरवायचं,
आणि एकदा भरलं की ते भरलेलंच.
पहाटे ससा गेला असेल पायातनं, भेकरही गेलं असेल.
अस्वलाचा बार घेऊन निघालेला माणूस
त्यांना नुसता बघतो.

उन्हं वर आल्यावर आला. बार तसाच.
टोपी काढून खिशात, बंदूक खुंटीला,
भाकरी मागितली.
गाव दोन दिवस त्याच्याशी बोललं नाही.
तिसऱ्या दिवशी, विहिरीवर, माझ्या एकटीपाशी म्हणाला,
"वारुळापाशी होतं. तीस पावलांवर.
एकाचा हिशेब धरला हुता गं.
ती दोघं निघाली."

कुशाप्पाची बायको पुढं पदर तिरपा घ्यायची,
वाटेत भेटली तर बापाकडं बघायची नाही.
बापही खाली बघायचा.
ह्याचं माप मला अजून काढता आलेलं नाही.

पुढं निवडणूक लागली, बंदुका ठाण्यात जमा.
हवालदार म्हणाला, भरलेली घेत नाही, रिकामी करून आण.
ओढ्याकाठच्या दरडीत बापानं ती सोडली.
आवाज केवढा झाला, आणि कशासाठी.
मी कोपरापर्यंत हात घालून माती उकरली.
गोळी चपटी झाली होती, जुन्या पैशासारखी, अजून गरम.

ती माझ्या बटव्यात असते.
दुपारी शेठ जेवायला गेले की
काट्यावर ठेवते.
एकोणतीस ग्रॅम, वरचे आकडे थरथरत राहतात.
रोज तेवढंच भरतं.
तरी ठेवते.