दांड्याचं वजन वजा जाता

सॅक भाच्याची, लोकेशची.
पुण्याहून येताना तिच्यात आठवडाभराचे मळके कपडे होते.
ते पाण्यात गेले आणि सॅक माझ्याकडे आली.
एक चेन अडते. साबण घासला की सरकते.

धनत्रयोदशीला धने-गुळाच्या वाटीशेजारी मी यादी ठेवली:
टॉर्च, सुतळी, सुई-दोरा, मीठ, काडेपेटी दोन.
सासूबाईंनी तिलाही हळदकुंकू वाहिलं.
न वाचताच.

बूट पायात मुरावेत म्हणून
शेव पाडली ती बूट घालून.
"गॅसपुढे बूट?" त्या म्हणाल्या,
मग जरा वेळाने, झारा निथळत,
"चावतात का गं?"

यांनी एवढंच विचारलं, "तीन दिवस?"
आणि मोटरचं बटण कुठलं, नळाला पाणी कितीला येतं
हे कागदावर लिहून मागितलं.
लिहिलं. माझ्या यादीपेक्षा मोठं झालं ते.

डोंगर तसा रोजचाच.
गच्चीवर चादर वाळत घातली की
तिच्या वरच्या काठावर सातपुडा.
चादर काढली की खालपर्यंत.
एकोणीस वर्षं फैजपुरात,
आणि मी पालच्या पुढे गेलेली नाही, एसटी जिथे वळते.
चारुलता म्हणाली, त्या वळणापासूनच चालू.

सराव रिकाम्या सॅकने होत नाही.
ज्वारी भरायची तर त्या ओरडतील,
म्हणून सहामाहीचे पेपर भरले,
आठवी ब, गणित, बासष्ट,
वर सातवीचे दोन गठ्ठे, आणि पाट्याचा वरवंटा, टॉवेलात गुंडाळून.

भिकनच्या काट्यावर ठेवली. ट्रक भरत होता,
केळीच्या पानांचा ओला वास, पोरं घड खांद्यावर घेऊन.
भिकनने चष्मा पुसला.
"अकरा पाचशे. दांड्याचं वजा करू का, बाई?"
ट्रकवरची पोरं हसली.
मी म्हटलं, बोर्डाचा भाव काय आज, तेही सांग.

मग पाटाच्या रस्त्याने, पहाटे, रोज.
"बस चुकली का वं?"
"कुठी चालली माय, येवढं गाठोडं घेऊन?"
एकाने मोटारसायकल थांबवून थेट माहेरचं नावच विचारलं.
परत त्याच वाटेने घरी येताना दिसले
तेव्हा त्यांची फारच पंचाईत झाली.

पाडव्याच्या सकाळी मोरीवर बसले होते, खांदे चोळत.
गिलदार बारेला आला. आठवी ब.
वडिलांचा कापणीचा हिशोब घ्यायला उतरला होता,
आता घरी. पायात स्लिपर, हातात पिशवी,
पिशवीत बहिणीसाठी फुलबाज्या आणि एक किलो साखर.
"पालपर्यंत गाडी, बाई. मग चालायचं. दुपार कलली की घर."

मी त्याला यादी दाखवली.
त्याने ती बोट ठेवून वाचली, वर्गात वाचतो तशी.
"पाण्याच्या चार बाटल्या कशाला? नाल्याला पाणी आहे अजून."
"सुतळी न्या."
"हे काय?" मी म्हटलं, स्लीपिंग मॅट.
तो काही बोलला नाही.
मग सॅक उचलून बघितली, पाठीवर टाकली,
मोरीच्या या टोकाहून त्या टोकाला गेला आणि आला.
"आत काय आहे एवढं?"

तुमचे पेपर, असं मी म्हटलं नाही.
फराळ, म्हटलं.
फराळाचं मागेल या भीतीने नंतर लाजले,
त्याने मागितलंही नाही.

रात्री भाऊबीजेची ताटं आवरून
गठ्ठा काढला. त्याचा पेपर खालून तिसरा,
कोपरा वरवंट्याने दुमडलेला.
प्रश्न चौथा, माझाच:
एक माणूस ताशी पाच किलोमीटर वेगाने चालतो,
तर वीस किलोमीटर जाण्यास त्यास किती वेळ लागेल?
बासष्टांपैकी चव्वेचाळीस जणांनी लिहिलंय, चार तास.
त्याने लिहिलंय:
चढ किती ते दिलेलं नाही.

लाल पेन उघडलं, पुन्हा लावलं.
सकाळी सहाची गाडी आहे.
वरवंटा पाट्यावर ठेवून आले,
दोन बाटल्या काढल्या, सुतळी राहू दिली.
पेपर फळीवर.
आल्यावर बघू.