नमुना क्रमांक नऊ

मे महिना, मानेवाडा. दुपारी दोनला रस्ता असा पांढरा
की कुत्रंसुद्धा सावली मोजून बसायचं.
आम्ही तिघं. मी, खुशाल मेश्राम,
आणि बोबडे काकूंची भाची यामिनी,
अमरावतीहून सुट्टीला आलेली,
जिला नियमाशिवाय पाणीही गोड लागत नसे.

प्रश्न तिचाच. एक लॉलीपॉप नेमका किती टिकतो?

साहूच्या टपरीवर रुपयाला एक. सगळे संत्र्याचे,
कारण लाल घेतला की जीभ घरी जाऊन चुगली करते.
दात लावायचा नाही. बाहेर काढून बघायचा नाही.
बाबांचं घड्याळ मधूनच थांबायचं,
हलवलं की उशीर झाल्यासारखं पळायचं;
ती चूक आम्ही धरून चाललो.

पहिला माझा. कूलरसमोर, वाळ्याच्या वासात.
एकोणीस मिनिटं, पुढे झोप. काडी केसांत सापडली.
खुशालचा सहा मिनिटांत कडकन वाजला.
'म्या नाही चावला बाप्पा, थोच फुटला!'
यामिनीनं चाटण्या मोजल्या, तीनशे बारापर्यंत,
मग भंगारवाला ओरडला आणि आकडा हरवला.
एक ठेवला गच्चीच्या कठड्यावर, कोणाच्याच तोंडात नाही.
उन्हानं त्याचा गोलपणा नेला, बाकीचा मुंगळ्यांनी.
मुंगळ्यांना नियम लागू होतात का,
यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही.

पोहनकर काका वरच्या मजल्यावरचे.
सोनेगावला हवामान खात्यात एकतीस वर्षं
पांढऱ्या पेटीतला पारा वाचून निवृत्त झालेले.
घरात साखरेच्या डब्याला कुलूप, किल्ली काकूंच्या पदराला.
आमची वही त्यांनी चष्मा वर करून पाहिली.
'तापमान कुठं हाय? वारा कुठून होता?
पोट्टेहो, हे निरीक्षण नाही, ह्या गोष्टी झाल्या.'
मग जिन्याकडं एकदा बघून, हळू आवाजात,
'अन् म्हातारा गटच नाही तुमच्यात.
निकाल एकांगी येऊन राहिला.'

यामिनीनं नियम वाचले. वयाचा उल्लेख नव्हता.

पाण्याच्या टाकीमागे, विटांवर, चार वाजून दहा मिनिटांनी
नमुना क्रमांक नऊ सुरू झाला. नाव लिहायचं नाही असं ठरलं.
हवा हुंगून काका म्हणाले, 'पंचेचाळीस पॉइंट सहा.'
दुसऱ्या दिवशी पेपरात आठ होते.
'पेपर चुकला,' काका म्हणाले.

ते चोखत नव्हते. चाटत नव्हते.
रात्रपाळीचा माणूस खिशात बॅटरी ठेवतो
तसा त्यांनी तो नुसता ठेवला होता.
एकदाच, बावीस मिनिटांनी,
उजव्या गालातून डाव्या गालात.
खुशाल एक शब्द बोलला नाही, ही वेगळी नोंद.

तेवढ्यात खालून, 'अहोऽ, कुठं जाऊन बसले?'
काकांनी तोंड मिटून काडी ओढून काढली,
माझ्या हातात दिली,
आणि जिना उतरले, पाठ ताठ,
काही झालंच नाही अशा चालीनं.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन दारात.
'काका, किती मिनिटं?'
त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. 'हाय अजून.'
पोळ्याला विचारलं. हाय अजून.
दहावीचे पेढे द्यायला गेलो,
काकूंनी त्यांच्या हातून पेढा काढून घेतला;
मागून, गाल फुगवून, हाय अजून.
अमरावतीहून पोस्टकार्डं यायची,
खुशाली नाही, पत्ता अर्धवट, एकच ओळ.
नऊचं काय झालं?

खुशाल आता उमरेडला वीज मंडळात आहे. अजूनही चावतो.
वहीची पानं पाकानं चिकटलीत,
नऊच्या रकान्यात 'सुरू' आहे, 'संपला' रिकामं.

यंदा गेलो होतो. रस्ता सिमेंटचा, साहूची टपरी नाही.
काका कूलरसमोर खाटेवर. तू कोणाचा, दोनदा विचारलं,
मी दोनदा सांगितलं, ते दोनदा हसले.
काकू गोळ्यांच्या पट्ट्या कातरत होत्या.
निघताना वाकून म्हणालो, 'काका, नऊ नंबर.'

त्यांनी काकूंकडं पाहिलं.
कात्री चालू होती.
मग सावकाश
डावा गाल फुगवला.